फूल पडलं म्हणजे नेमकं कुठं पडलं?

"डॉक्टरसाहेब, कुत्र्याच्या डोळ्यात फूल पडलंय." लातूर-उदगीरकडं दिवाळी सरली की हे वाक्य हमखास कानावर येतं. बालाघाटाच्या माळावरचं गवत तेव्हा वाळलेलं असतं आणि शेतावरचा वाघ्या सशामागं त्यातूनच पळतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ लगेच दिसतं म्हणतात. कुत्र्याचं दिसत नाही. त्याला नाकाकडच्या कोपऱ्यात तिसरी पापणी असते, कुसळ तिच्यामागं जाऊन बसतं आणि पापणी हलली की डोळा खरवडतं.

खरवडलं जातं ते पारपटल, म्हणजे बुबुळावरची काच. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यातले तंतू शिस्तीत रचलेले आणि पाणी कमी, म्हणून ते पारदर्शक असतं. जखम झाली की आत पाणी शिरतं, रचना बिघडते आणि काच दुधाळ होते. गावाकडं यालाच फूल म्हणतात. पण डोळा बुबुळामागूनही पांढरा दिसतो. तिथं भिंग असतं आणि ते गढुळलं तर मोतीबिंदू. मधुमेही कुत्र्यात जादा साखरेपासून भिंगात सॉर्बिटॉल नावाचा साखरेसारखा पदार्थ साठतो, तो पाणी ओढतो आणि काही आठवड्यांतही दृष्टी जाऊ शकते. मांजरात मात्र हे क्वचितच घडतं.

सात-आठ वर्षांच्या कुत्र्याच्या डोळ्यात निळसर-करडी झाक आली म्हणून लगेच घाबरू नये. भिंगात जन्मभर नवे तंतू वाढत राहतात आणि जुने मधे दाटतात, एवढंच. नजर शाबूत असते.

जखम आहे का, हे ओळखायची युक्ती मला फार आवडते. फ्लोरेसिन नावाचा नारिंगी रंग डोळ्यात सोडायचा आणि पाण्यानं धुवायचा. वरचं अखंड आवरण त्याला आत घेत नाही. आवरण सोललेलं असेल तर खालचा थर रंग पितो आणि निळ्या उजेडात तेवढाच भाग हिरवा चमकतो.

ही तपासणी न करता घरातले जुने थेंब टाकणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. माणसांच्या कितीतरी थेंबांत स्टेरॉइड असतं. लाली उतरते, गुण आल्यासारखं वाटतं. इकडं जखम भरणं मंदावतं, जंतूंना मोकळं रान मिळतं आणि पारपटल विरघळून भोक पडू शकतं. डोळ्यात तंबाखूची चूळ मारणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं!

डोळा लाल, दुखरा, टपोरा झाला असेल तर काचबिंदूची, म्हणजे डोळ्यातला दाब वाढल्याची, शंका घ्यावी. कुत्र्याच्या डोळ्यातला दाब साधारण पाऱ्याच्या १० ते २५ मिलिमीटरइतका असतो. तो फार चढला तर एक-दोन दिवसांतच दृष्टी जाते. दोन्ही डोळे एकदम बिघडले आणि अंगावर गोचिडं असतील तर रक्त तपासावं लागतं, कारण गोचिडतापात डोळ्याच्या आत सूज येते, रक्तस्रावही होतो.

कुसळाचं त्यामानानं सोपं. डॉक्टर भूल देणारे थेंब टाकून ते चिमट्यानं काढतात, प्रतिजैविक थेंब देतात आणि उथळ जखम आठवड्याभरात भरते. तोवर पंजानं डोळा खाजवू द्यायचा नाही. डोक्याभोवती बसणारी शंकूसारखी कॉलर मिळाली नाही तर प्लास्टिकच्या लहान बादलीचं बूड कापून, कडा चिंध्यांनी मऊ करून बांधावी. वाघ्या दोन दिवस रुसतो, जेवताना बादली ताटलीवर आपटते, पण पंजा डोळ्यापर्यंत पोचत नाही.