पोहण्याच्या तलावाचा पंप : कमी तास म्हणजे कमी बिल नव्हे

गुहागर-दापोलीकडच्या होमस्टेंमध्ये वेग बदलता येणारा पंप बसवल्यावरही ‘पूर्ण वेगाने पाच तास चालवून बंद करा, म्हणजे वीज वाचते’ हा जुना सल्ला पाळला जातो. एकाच वेगाच्या पंपाला तो लागू होता. वेग बदलता येणाऱ्या पंपात हिशेब उलटतो. पंपाचा वेग निम्मा केला की पाण्याचा प्रवाह निम्मा होतो, परंतु लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटून सुमारे एक अष्टमांश उरते. पूर्ण वेगाला १.२ किलोवॉट घेणारा पंप पाच तासांत ६ युनिट खातो. तेवढेच पाणी निम्म्या वेगाने दहा तासांत फिरवायला कागदावर १.५ युनिट पुरतात. मोटरची कार्यक्षमता कमी वेगाला थोडी घसरत असल्याने प्रत्यक्षातला आकडा काहीसा वाढतो, इतकेच.

मात्र दिवसभर मंद वेगही चालत नाही. सुरूच्या झाडांच्या बारीक काड्या पाण्यावर तरंगत असतील, तर त्या स्किमरकडे, म्हणजे पृष्ठभागावरचा कचरा खेचून घेणाऱ्या तोंडाकडे, ओढल्या जाण्यासाठी सकाळी तासभर वेग वाढवावा लागतो, आणि वाळूचा फिल्टर उलट्या प्रवाहाने धुताना तर पूर्ण वेगच हवा. मिठापासून क्लोरिन बनवणारे यंत्र असल्यास त्याला लागणाऱ्या किमान प्रवाहाच्या खाली वेग उतरवू नये.