स्टाल हाऊस की केमोस्फिअर?

लॉस एंजेलिसच्या डोंगरातलं, हवेत तरंगणारं काचेचं घर म्हटलं की लोक बिनधास्त स्टाल हाऊस आणि केमोस्फिअर यांपैकी एकाचा फोटो टाकतात आणि खाली नाव दुसऱ्याचं लिहितात. घोळ होणारच. दोन्ही घरं १९६० ची, दोन्ही हॉलीवूड हिल्समधली, दोन्हींचं क्षेत्रफळ साधारण २,२०० चौरस फूट, आणि दोन्हींचे फोटो काढणारा ज्युलियस शुल्मनच.

फोटोवरून ओळखणं सोपं आहे. सपाट छप्पर, काटकोन आणि पोहण्याचा तलाव असेल तर ते स्टाल हाऊस. एका खांबावर अष्टकोनी तबकडी असेल तर केमोस्फिअर. खरी गंमत मात्र उताराशी कोण कसं वागलं यात आहे.

बक स्टाल यांनी १९५४ मध्ये १३,५०० डॉलरला स्टाल हाऊसचा प्लॉट घेतला. मग इकडच्या तिकडच्या बांधकामांवरून फुटक्या काँक्रीटचे तुकडे गाडीत घालून आणायचे, ते रचून कडेला भिंत चढवायची आणि आत भराव टाकायचा, असा उद्योग त्यांनी काही वर्षं चालवला. म्हणजे वास्तुकार पिअर कोनिग येण्याआधीच मालकानं हातानं सपाट जागा तयार करत आणली होती. कोनिगनं त्यावर पोलादी सांगाड्याचं इंग्रजी 'एल' आकाराचं घर बसवलं आणि दिवाणखान्याचं टोक तेवढं कड्याबाहेर काढलं. शुल्मनच्या रात्रीच्या प्रसिद्ध फोटोत तेच टोक दिसतं, त्यामुळे सगळं घरच अधांतरी आहे असं वाटतं. प्रत्यक्षात बरंचसं घर जमिनीवर निवांत बसलेलं आहे.

केमोस्फिअरचा वास्तुकार जॉन लॉटनर याला असलं सपाटीकरणच मान्य नव्हतं. डोंगर कापा, भिंती घाला, मग त्यावर मैदानातलं घर ठेवा, हे त्याला पटत नसे. आणि इथे तर उतार जवळपास ४५ अंशांचा! बिल्डरांनी सोडून दिलेलीच जागा म्हणा ना. त्यानं कातळात साधारण २० फूट व्यासाची, तीन फूट जाडीची काँक्रीटची चकती पुरली, तिच्यातून पाच फूट रुंदीचा, सुमारे ३० फूट उंच खांब वर काढला आणि घर त्यावर ठेवलं. पोलादी तिरके टेकू खांबातून फुटून मजल्याच्या कडांना आधार देतात. उतारावरची माती जवळपास जशीच्या तशी राहिली. गाडी खाली लावायची आणि रुळांवरच्या छोट्या पाळण्यातून वर जायचं. वाणसामान घेऊन रोज असं चढायचं म्हणजे हौसच हवी, पण बांधणी म्हणून मला हीच जास्त धाडसी वाटते. १९७१ आणि १९९४ चे भूकंप होऊन गेले, तरी घर उभं आहे.

मालक लिओनार्ड मालिन विमान-अवकाश क्षेत्रातले इंजिनिअर. त्यांच्याकडे ३०,००० डॉलर होते, खर्च गेला लाखाच्या पुढे. मग जाहिरातीच्या बदल्यात कंपन्यांची मदत घेतली. त्यातलीच एक केम सील, आणि घराच्या नावातलं 'केमो' तिच्यावरूनच आलं.