शाकुंतल, पण एका पात्राला दोन नट

संभाजीनगरच्या एका हौशी ग्रुपनं शाकुंतल बसवायला घेतलंय, हातानं बोलणारा बहिरा नट आणि त्याला आवाज देणारा ऐकणारा नट, अशा जोड्या करून. लगेच 'हे अमेरिकेचं फॅड' सुरू झालं, म्हणून थोडं मागचं सांगतो.

१८४३ ला सांगलीत मराठी नाटक सुरू झालं तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि अभिनय पात्रं करायची, म्हणजे आवाज एकाचा न् अंग दुसऱ्याचं हे आपल्याला नवं नाहीच. पुढं १८८० ला पुण्यात शाकुंतल संगीत होऊन आलं, आणि त्याच वर्षी मिलानच्या परिषदेत बहिऱ्या पोरांच्या शाळेतून खुणांची भाषा काढायचा ठराव झाला, ठराव करणारे जवळपास सगळे ऐकणारेच! आपल्याकडंही मग कित्येक वर्षं शाळेत हात खाली, ओठ बघ न् बोल, हेच चाललं.

अमेरिकेत १९६७ ला बहिऱ्या नटांची व्यावसायिक नाटक कंपनी निघाली. २००३ ला ब्रॉडवेवरच्या एका संगीत नाटकात बहिऱ्या नायकाचा आवाज मूळ गोष्टीच्या लेखकाचं पात्र देत होतं. आपल्याकडं भारतीय सांकेतिक भाषेची सरकारी संस्था दिल्लीत २०१५ ला झाली, तीन हजार शब्दांचा कोश २०१८ ला आला.

आता खरा वाद, आवाज देणारा उभा कुठं राहणार. एक गट म्हणतो विंगेत माइकवर, म्हणजे स्टेज मोकळं. पण मग बहिरा नट आवाज देणाऱ्याला बघणार कसा? त्याला क्यू, म्हणजे आता तुझी पाळी ही खूण, नजरेनंच मिळतो, आणि प्रॉम्प्टरचा तर उपयोगच नाही. दुसरा गट म्हणतो मागं सावलीसारखं. भुंग्याच्या प्रवेशात हे नीट कळतं: शकुंतला हातानं भुंगा हाकलतीय आणि बोलायचंही हातानंच, मग दोन झटक्यांच्या मधल्या फटीत वाक्य बसवायचं. आवाजवाली तिथं पुढं पळाली की सगळं प्रेक्षागृह तिच्याकडं बघतं आणि शकुंतला नुसती हातवारे करणारी बाई उरते. माझ्या मते आवाजवालीनं स्टेजवरच, सखी होऊन, शकुंतलेचे हात दिसतील असं उभं राहावं आणि त्या हातांच्या मागोमाग बोलावं, संगीतवाल्यांची लय थोडी बिघडली तर बिघडू दे. विंगवाल्यांना हे अजून पटलेलं नाही. अंधारातला प्रवेश मात्र दोघांनीही एकमतानं काढला, हात दिसले नाहीत तर संवादच नाही ना.