क्रेट प्रशिक्षण (कुत्र्याचे पिल्लू)

क्रेट प्रशिक्षण : नव्याने घरी आणलेल्या पिलाला झोपण्यासाठी एकच लहान, आडोशाची जागा ठरवून तिची गोडी लावण्याची पद्धत. क्रेट म्हणजे पिलाला आत उभे राहता, वळता आणि पाय ताणून निजता येईल एवढा पिंजरा किंवा खोके. कुत्रा होता होईतो निजण्याच्या जागी घाण करत नाही, या स्वभावावर ही पद्धत उभी आहे. जागा फार मोठी असली तर पिलू एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्यात मुतते. म्हणून मोठ्या पिंजऱ्यात फळी आडवी लावून तो लहान करतात.

विदर्भाच्या खेड्यात हा शब्द नवा नाही. वरूड-मोर्शी, काटोल-नरखेड या संत्रापट्ट्यात क्रेट म्हणजे संत्री भरून मंडीत न्यायचे प्लॅस्टिकचे जाळीदार खोके. दोन महिन्यांच्या गावठी पिलाला काही आठवडे ते पुरते. आडवे ठेवून खाली गोणपाट व वर जुनी वाकळ टाकली, की तीन बाजूंनी आडोसा आणि एक तोंड मोकळे राहते. रात्री तोंडाशी दुसरे क्रेट दोरीने बांधता येते. पूर्व विदर्भात बुरडाने विणलेले बांबूचे डालेही पिलावर पालथे घालतात. डाले कोंबड्यांसाठी ठीक; पिलाला त्यात तळ नसतो, बांबूच्या कामट्या चावताना तोंडात शिरतात आणि वर दगड ठेवला तर ते धडपडत डाले ओढत राहते. डालेच वापरायचे तर ते आडवे टाकून गुहेसारखे करावे.

पहिल्या रात्री पिलू का रडते, हे कळले की पुढचे बरेच सोपे होते. तोवरची प्रत्येक रात्र ते भावंडांच्या ढिगात, आईच्या पोटाशी निजलेले असते. मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांची पिले बहुतांशी हिवाळ्याच्या सुमारास जन्मतात. त्यामुळे गावातले पिलू घरी येते तेच थंडीत. डिसेंबर-जानेवारीत विदर्भातला रात्रीचा पारा अनेकदा १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो. ऊब आणि सोबत एकाच दिवशी तुटते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांनी अमेरिकेत बार हार्बर येथे पिलांवर दीर्घकाळ काम करून १९६५ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यानुसार साधारण ३ ते १२ आठवडे हा पिलाचे माणसाशी आणि भोवतालाशी नाते जुळण्याचा काळ असतो. पहिल्या रात्री याच काळात येतात. अशा वेळी पिलाला गुरांच्या कोठ्यात एकटे कोंडून ‘रडू द्या, दोन दिवसांत गप होते’ म्हणणे चुकीचे आहे. ते गप होते ते थकून, आणि क्रेटची भीती मात्र मनात राहते.

म्हणून या पद्धतीतला सर्वांत महत्त्वाचा नियम जागेचा आहे : पहिले काही दिवस क्रेट झोपणाऱ्या माणसाच्या बाजेलगत, हात खाली सोडला तर पोचेल इतका जवळ असावा. क्रेट कोणत्या वस्तूचे आहे याला त्यापुढे फारसे महत्त्व नाही.

पिलू सकाळी आणावे, म्हणजे अंधार पडेपर्यंत ते घर हुंगून घेते. ८ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. खेड्यात डोळे उघडून चालू लागलेले महिन्याचे पिलू उचलून आणतात, ते थांबायला हवे. डोळे तर १० ते १४ दिवसांतच उघडतात. आईच्या जागेवरचे फडके किंवा पोत्याचा तुकडा सोबत आणून क्रेटमध्ये टाकावा. दिवसभर क्रेटचे तोंड उघडे ठेवून आत भाकरीचा तुकडा टाकत राहावे. पिलू आपणहून आत जाईल, बाहेर येईल, पुन्हा जाईल. धरून कोंबू नये. दिवेलागणीला कुस्करलेली भाकर, जमल्यास उकडलेले अंडे द्यावे. गाईचे दूध अचानक जास्त दिले तर अनेक पिलांना हगवण लागते आणि मग रात्रीची सगळी घडी बिघडते. निजण्याआधी अंगणात नेऊन मोकळे करावे. थंडीत गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवावी. पिलाला ऊब नको झाली तर दूर सरकता येईल इतकी जागा सोडावी.

रात्री उठावे लागते, त्याला इलाज नाही. वयाच्या महिन्यांत एक मिळवला तर साधारण तेवढे तास पिलाला लघवी धरता येते, असा ढोबळ हिशेब आहे. दोन महिन्यांच्या पिलाला तीन तास. दहाला निजवले तर एकच्या आणि चारच्या सुमारास बाहेर नेणे आले. उचलून न्यावे, नेहमीच्याच जागी सोडावे, काम झाले की हळू आवाजात शाबासकी देऊन परत आत. खेळ नाही, खाऊ नाही. बॅटरी सोबत हवीच आणि पायात बूट-चप्पल, कारण मण्यार रात्रीच फिरते. निजल्यावर लगेच कुईकुई झाली तर क्रेटच्या जाळीला हात लावून ठेवावा. बहुतेक पिले बोटे हुंगत झोपतात. झोपेतून उठून बेचैन होऊन रडले तर ते लघवीसाठी असते, लगेच बाहेर न्यावे. क्रेटवर काठी आपटणे, ओरडणे किंवा शिक्षा म्हणून आत टाकणे यांमुळे आठवड्याची मेहनत एका रात्रीत वाया जाते.

ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा, मेळघाट यांच्या आसपासच्या गावांत क्रेटला आणखी एक अर्थ आहे. बिबट्या ओसरीवरून कुत्रा उचलतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, म्हणजे विदर्भातील अकोला नव्हे, झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा आढळला. जंगलकाठच्या गावात पिलाचे क्रेट ओसरीत किंवा सपरीत ठेवू नये. दार लागणाऱ्या खोलीतच ठेवावे. रात्रीचे बाहेर नेणेही भिंतीच्या आतल्या उजेडातल्या जागेपुरते असावे.

उन्हाळ्यात नियम उलटे होतात. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग थंड करतो, आणि बंद, कोंदट जागेत तेही साधत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा टिनाच्या छपराखाली दिवसा पिलाला क्रेटमध्ये बंद करणे जिवावर बेतू शकते. वाकळ काढून टाकावी, तोंड उघडे ठेवावे, पाणी रात्रीही तोडू नये. कूलर लावलेल्या खोलीत क्रेट झोताच्या समोर न ठेवता बाजूला ठेवावे.

लसी आणि जंताचे औषध हा वेगळा विषय असला तरी रात्रीच्या जागेशी त्याचा संबंध आहे. पार्व्हो या पिलांच्या जीवघेण्या हगवणीचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. लसींचा क्रम ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होऊन सुमारे १६ आठवड्यांपर्यंत चालतो, तोवर पिलाला गावकुत्र्यांच्या वावरण्याच्या जागी लघवीला नेऊ नये. रेबीजची लस पिलू तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. पिलाच्या पोटातले जंत मुलांनाही होऊ शकतात, म्हणून गोणपाट बदलल्यावर हात साबणाने धुवावेत.

या पद्धतीचा गैरवापर सहज होतो. स्वीडन आणि फिनलंडमध्ये कुत्र्याला घरात पिंजऱ्यात बंद ठेवण्यावर कायद्याचे कडक निर्बंध आहेत. भारतात १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाच्या कलम ११ नुसार हालचालीपुरतीही जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे, तसेच फार आखूड किंवा जड साखळीने त्याला अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत घरातली सगळी माणसे वावरात जातात आणि पिलू सकाळपासून कोंडलेले राहते. त्यापेक्षा ते धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) सावलीत सोबत नेलेले बरे.

आठवड्या-दोन आठवड्यांत पिलू रात्री कमी उठू लागते. मग क्रेट दर दोन-तीन रात्रींनी हातभर दूर सरकवत कायमच्या जागी न्यावे आणि पुढे तोंड बांधणे सोडून द्यावे. पिलू चार-पाच महिन्यांचे होईतो संत्र्याचे खोके अपुरे पडते. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांपासून पीक राखायला कुत्रा जागलीवर (रात्रीच्या राखणीला) न्यायचा असेल, तर पहिल्या खेपेला पिलाच्या ओळखीचे गोणपाट न धुता सोबत न्यावे आणि मचाणाखाली अंथरावे.