कात्रीत सापडलेला सुपरमॅन

२५ मार्च २०१६ ला झॅक स्नायडरचा 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन: डॉन ऑफ जस्टिस' चित्रपटगृहांत लागला तेव्हा तो १५१ मिनिटांचा होता. तीनच महिन्यांनी 'अल्टिमेट एडिशन' या नावाने त्याची दुसरी आवृत्ती डिजिटलवर आली, मग जुलैत ब्लू-रेवर. ही तीन तासांच्या थोडी पुढे जाते. गंमत म्हणजे अशी आवृत्ती येणार हे चित्रपट लागण्याआधीच, फेब्रुवारीत, जाहीर झालं होतं. त्यामुळे समीक्षकांनी झोडपल्यावर केलेली ही डागडुजी होती असं म्हणता येत नाही. कात्री आधीच चालली होती आणि कापलेला माल कुठे विकायचा हेही ठरलेलं होतं.

दोन्ही आवृत्त्या लागोपाठ पाहिल्या की एक गोष्ट खटकते. ही कात्री सगळ्यांवर सारखी चाललेली नाही. बेन अ‍ॅफ्लेकच्या बॅटमॅनचा भाग बऱ्यापैकी शाबूत आहे. गेला तो मुख्यतः सुपरमॅनचा. क्लार्क केंटची, म्हणजे माणसांत वावरणाऱ्या सुपरमॅनची, बातमीदारी गेली, त्याची बातमीदार प्रेयसी लोइस लेनचा तपास गेला, आणि त्यांच्याबरोबर कथानकातली कारणंही गेली.

सुरुवातीचा आफ्रिकेतला प्रसंग घ्या. थिएटरच्या आवृत्तीत भाडोत्री सैनिक गोळ्या घालून माणसं मारतात आणि आळ येतो सुपरमॅनवर. ज्याच्या डोळ्यांतून आग निघते तो बंदूक कशाला चालवेल, हा प्रश्न तेव्हा कित्येकांनी विचारला. लांब आवृत्तीत ते सैनिक प्रेतं जाळताना दिसतात, म्हणजे बघणाऱ्याला ते सुपरमॅनचंच काम वाटावं. काही सेकंदांचा भाग, पण पुढचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. त्याच प्रसंगाबद्दल सिनेटपुढे साक्ष देणारी काहिना झिरी छोट्या आवृत्तीत साक्ष देते आणि गायब होते. लांब आवृत्तीत कळतं की तिला ती साक्ष पढवलेली होती. ती सिनेटर फिंचकडे जाऊन खरं सांगते आणि नंतर तिला रेल्वेखाली ढकललं जातं.

कॅपिटॉलमधल्या, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या, बॉम्बस्फोटाचंही तेच. सुपरमॅनला भिंतीपलीकडचं दिसतं, मग समोरच्या चाकांच्या खुर्चीतला बॉम्ब कसा दिसला नाही? जेना मलोनच्या छोट्याशा भूमिकेत याचं उत्तर होतं: खुर्चीला आतून शिशाचं अस्तर होतं, आणि शिशापलीकडचं सुपरमॅनला दिसत नाही. ही भूमिकाच थिएटरच्या आवृत्तीतून उडाली. आणि स्फोटानंतर? छोट्या आवृत्तीत सुपरमॅन आगीत उभा राहून खिन्नपणे बघतो आणि निघून जातो. लांब आवृत्तीत तो जखमींना बाहेर काढतो. माझ्या मते सगळ्यात महाग पडलेला काप हाच. हा सुपरमॅन माणसांबद्दल उदासीन आहे, ही तक्रार वर्षानुवर्षं झाली, आणि तिचं निम्मं उत्तर कापलेल्या फितीत पडून होतं. क्लार्क बॅटमॅनच्या गॉथम शहरात जाऊन बॅटमॅनने डागणी दिलेल्या कैद्याच्या घरच्यांना भेटतो, तो भागही मला महत्त्वाचा वाटतो. दोघांच्या वैराला त्यामुळे बातमीदाराच्या बाजूनेही कारण मिळतं.

तरीही लांब आवृत्तीने सगळं साधतं असं नाही. दोघांच्या आयांचं नाव एकच आहे हे कळताच बॅटमॅन हात आवरतो, त्या ज्या 'मार्था' प्रसंगावर जग हसलं तो दोन्हींत जवळपास सारखाच आहे, आणि शेवटची राक्षसाबरोबरची मारामारी लांबवायची गरज तर कुणालाच नव्हती.

एकाच सुपरमॅनपटाच्या दोन आवृत्त्या, हा प्रकार मात्र २०१६ चा नाही. त्याची मुळं १९७७ मध्ये, इंग्लंडमधल्या पाइनवुड स्टुडिओत आहेत. अलेक्झांडर आणि इल्या साल्काइंड हे निर्माते बापलेक तिथे पहिला 'सुपरमॅन' आणि त्याचा दुसरा भाग एकाच वेळी चित्रित करत होते. दिग्दर्शक रिचर्ड डॉनर. एका चित्रीकरणात दोन चित्रपट काढण्याची या मंडळींना जुनी सवय. 'थ्री मस्केटियर्स'च्या वेळी त्यांनी एक म्हणून चित्रित केलेला सिनेमा दोन भागांत विकला आणि चिडलेले कलाकार कोर्टात गेले. तेव्हापासून नटांच्या करारात 'तुमचं काम किती चित्रपटांत वापरणार' हे लिहून घेणारं कलम येऊ लागलं, आणि त्याला नावच पडलं साल्काइंड कलम.

दुसऱ्या भागाचं बरंचसं काम झालेलं असताना ते थांबवून आधी पहिला भाग पूर्ण केला गेला. डिसेंबर १९७८ मध्ये तो आला आणि तुफान चालला. पण पैसा आणि वेळापत्रक यांवरून डॉनर आणि निर्मात्यांचं बोलणंच जवळपास बंद झालं होतं. १९७९ मध्ये डॉनरला काढून रिचर्ड लेस्टरला आणलं. हा लेस्टर 'मस्केटियर्स'चाच दिग्दर्शक, आणि साल्काइंडांकडून त्याचे पैसे येणं होतं. खलनायक झालेल्या जीन हॅकमनने डॉनरशिवाय परत यायला नकार दिला, तर त्याच्या जागी डमी आणि दुसऱ्याचा आवाज वापरून वेळ मारून नेली. मार्लन ब्रँडोचं चित्रीकरण हातात होतं, पण नफ्यातल्या वाट्यावरून त्याच्याशी वाद पेटलेला. मग सुपरमॅनच्या बापाचे संवाद आईच्या, म्हणजे सुझाना यॉर्कच्या, तोंडी घातले. पैशासाठी बाप बदलून आई आणणं मसालापटातही जरा जास्तच झालं असतं.

१९८० च्या डिसेंबरपासून देशोदेशी लागलेला 'सुपरमॅन टू' हा असा जोडकाम केलेला चित्रपट होता. चालला तोही. पण निर्मात्यांकडे न वापरलेली फीत भरपूर पडली होती आणि तिला गिऱ्हाईक मिळालं ते टीव्हीचं. लांबी वाढली की टीव्हीकडून मिळणारा पैसाही वाढे, म्हणून १९८२ मध्ये एबीसी वाहिनीने पहिला 'सुपरमॅन' दोन रात्रींत दाखवला तेव्हा त्याचा ऐवज भरपूर फुगवलेला होता. टीव्हीसाठी तयार झालेली सगळ्यात लांब आवृत्ती १८८ मिनिटांची आहे. थिएटरमध्ये तोच चित्रपट १४३ मिनिटांचा. मधला पाऊण तास दिग्दर्शकाने मागितलेला नव्हता. सुपरहीरोपटाच्या विस्तारित आवृत्तीचा जन्म हा असा हिशोबाच्या वहीत झाला, हे विसरू नये.

दुसऱ्या भागाच्या टीव्ही प्रक्षेपणांतही थिएटरमध्ये न दिसलेली दृश्यं होती. ती लोकांनी व्हिडिओ कॅसेटवर उतरवून घेतली, आपसात फिरवली, आणि डॉनरचा चित्रपट अजून कुठेतरी शिल्लक आहे याची चाहत्यांना खात्री पटली. पुढे इंटरनेट आल्यावर मागणीला जोर चढला. शेवटी ब्रँडोची दृश्यं वापरण्याचा मार्ग मोकळा झाला आणि नोव्हेंबर २००६ मध्ये 'रिचर्ड डॉनर कट' बाजारात आला. ही आवृत्ती थिएटरच्या १२७ मिनिटांपेक्षा आखूड आहे, ११६ मिनिटांची. एक महत्त्वाचा प्रसंग तर कधी चित्रितच झाला नव्हता. तिथे नायक-नायिका ख्रिस्तोफर रीव्ह आणि मार्गो किडर यांच्या स्क्रीन टेस्टच्या फिती जोडून दिल्या आहेत. रीव्हची केशभूषा आणि अंगकाठी मध्येच बदललेली दिसते. तरी मला हा कट लेस्टरच्या चित्रपटापेक्षा जवळचा वाटतो. सुपरमॅन आणि त्याच्या बापाची गोष्ट त्यात पुरी होते.

तोवर टीव्हीची जागा डीव्हीडीने घेतली होती. २००३ चा 'डेअरडेव्हिल' थिएटरमध्ये १०३ मिनिटांचा होता, पुढच्या वर्षीच्या डायरेक्टर्स कटमध्ये १३३. त्यात खुनाच्या खटल्याचं एक अख्खं उपकथानक परत आलं, आणि नायक वकील आहे हे पहिल्यांदा पटलं. झॅक स्नायडरच्या 'वॉचमेन'चे (२००९) तर तीन अवतार आहेत: १६२, १८६ आणि २१५ मिनिटांचे. म्हणजे 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'कडे येईपर्यंत स्नायडर आणि वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओ या दोघांनाही हा खेळ सरावाचा झाला होता. थिएटरला दिवसाचे जास्त खेळ बसतील अशी लांबी आणि पोरांना येता येईल असं 'पीजी-१३' प्रमाणपत्र. घरी बघणाऱ्याला तीन तास आणि 'आर', म्हणजे मोठ्यांसाठीच्या, प्रमाणपत्राची हिंसा.

स्नायडरच्याच पुढच्या 'जस्टिस लीग'मध्ये हा खेळ अंगावर आला. मुलीच्या आत्महत्येनंतर मे २०१७ मध्ये स्नायडर बाजूला झाला, त्याच्या जागी आलेल्या जॉस व्हेडनने बराच भाग नव्याने चित्रित केला, आणि नोव्हेंबरात आलेला चित्रपट बरोबर दोन तासांचा होता. चाहत्यांनी 'स्नायडर कट'साठी मोहीम उघडली, जाहिराती लावल्या, आत्महत्या प्रतिबंधासाठी निधीही उभा केला. स्टुडिओने होकार कधी जाहीर केला ते बघा: मे २०२०, एचबीओ मॅक्स ही त्यांच्याच घरची स्ट्रीमिंग सेवा सुरू होण्याच्या एक आठवडा आधी. १८ मार्च २०२१ ला आलेली आवृत्ती २४२ मिनिटांची आहे. आपल्याकडे तेव्हा एचबीओ मॅक्स नव्हतं, म्हणून बुकमायशो स्ट्रीमसारख्या सेवांवर पैसे मोजून ती पाहावी लागली. मिनिटांचं गिऱ्हाईक तेवढं बदललं होतं.

'सुसाइड स्क्वॉड'ची विस्तारित आवृत्तीही २०१६ चीच, पण ती सोडून दिली तरी चालेल. अकराएक मिनिटं वाढली, पण दिग्दर्शक डेव्हिड अयरच्या म्हणण्यानुसार त्याचा खरा कट तो नव्हेच.

भारतातल्या प्रेक्षकाच्या वाट्याला आणखी एक कात्री येते, मुंबईत मुख्यालय असलेल्या सेन्सॉर बोर्डाची. जुलै २०२५ मध्ये नवा 'सुपरमॅन' इथे लागला तेव्हा त्यातलं ३३ सेकंदांचं चुंबनदृश्य अश्लील म्हणून गाळल्याच्या बातम्या आल्या. समाजमाध्यमांवर त्यावर भरपूर शिव्या पडल्या, आणि त्यांत विस्तारित आवृत्ती कुणी मागत नव्हतं. बाकी जगाने पाहिलेला चित्रपट जसाच्या तसा दाखवा, एवढीच मागणी होती.