धंद्याच्या किल्ल्या कोणाच्या हातात आहेत?
आमच्या सोलापूरच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमचे बहुतेक ग्राहक म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखानदार, गणवेश शिवणारे आणि नवी पेठेतले व्यापारी. कोरोनाआधी त्यांच्याकडे कॉम्प्युटर ही मुनीमजींच्या टेबलावरची वस्तू होती. बिल काढायचे, महिनाअखेरीला सीएंकडे डेटा पाठवायचा, एवढेच त्याचे काम. तो दोन दिवस बंद पडला तरी मालकांना पत्ता नसायचा.

२५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाउन लागला आणि पार्टीला माल हातात घेऊन बघता येईना. मग टॉवेलचे फोटो, जीएसएम (कापडाचे दर चौरस मीटरचे वजन), भाव सगळे व्हॉट्सअॅपवर जाऊ लागले. ऑर्डरही तिथेच, पैसे यूपीआयवर. बाजार उघडल्यावरही ही पद्धत तशीच राहिली. दुसरीकडे जीएसटीचे ई-इन्व्हॉइस, म्हणजे प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून घेणे, १ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाले तेव्हा ते ५०० कोटींवरच्या उलाढालीलाच लागू होते. मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आली आणि आपल्याकडचे अनेक कारखाने त्यात आले. आता कॉम्प्युटर बंद म्हणजे भरलेली गाडी गेटवर उभी.

म्हणून नवीन सॉफ्टवेअर घ्यायचे म्हणून कोणी आले, की आम्ही आधी विचारतो: आता जे आहे, त्याच्या किल्ल्या कोणाकडे आहेत?

मोबाइल नंबर

जीएसटीला नोंदवलेला नंबर कोणाचा, हे आजच बघा. बऱ्याच ठिकाणी तो सोडून गेलेल्या अकाउंटंटचा निघतो. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल (माल वाहून नेण्याचा ऑनलाइन परवाना) आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर सगळ्यांनाच पासवर्डबरोबर ओटीपीही लागतो. संध्याकाळी हैदराबादची गाडी भरून तयार, आणि ओटीपी जातोय दुसऱ्याच कोणाच्या खिशात! मुख्य नंबर मालकांचाच ठेवा आणि बिल करणाऱ्याला त्याच्या नंबरावर वेगळा सब-युजर करून द्या. तो काम सोडून गेला, की त्याच दिवशी तेवढाच बंद करता येतो.

काउंटरवरच्या क्यूआर कोडचेही तेच. घाईच्या दिवसांत तो धाकट्या भावाच्या बचत खात्यावर काढला गेला असेल, तर फर्मच्या चालू खात्यावर घ्या. नाहीतर वर्षाच्या शेवटी विक्री आणि जमा यांचा मेळ बसत नाही. व्हॉट्सअॅपवर ऑर्डरी घेता तो नंबर फर्मचा असावा आणि त्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावलेला असावा. पार्ट्यांशी झालेले सगळे बोलणे, ठरलेले भाव, डिझाइनचे फोटो त्यातच आहेत.

बॅकअप

याबाबत आम्ही जरा कडक बोलतो. कॉम्प्युटरला कायम खोचून ठेवलेला पेन ड्राइव्ह हा बॅकअप नव्हे. रॅन्समवेअर (फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरला तर कॉम्प्युटरबरोबर त्या पेन ड्राइव्हवरच्या फायलीही लॉक होतात. एक प्रत क्लाउडवर आणि एक काढून घरी नेलेल्या हार्ड डिस्कवर, असे हवे. त्यातही, घेतलेला बॅकअप महिन्यातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायचा. न उघडलेल्या बॅकअपवर आमचा विश्वास नाही, तुम्हीही ठेवू नका. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, म्हणजे लॉकडाउनच्या काळातली काही वर्षे अजून त्यात धरायची आहेत.

मशीन

मागाच्या शेडजवळच्या ऑफिसात सुताचे तंतू पंख्यात अडकतात आणि एप्रिल-मे महिन्यांत कॉम्प्युटर तापून बंद पडतो. तो आतून साफ करून घेतला की बरेचदा तेवढ्यावर भागते, नवीन घ्यायची गरज नसते. विंडोज १० मात्र बदलावे लागेल. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याला मायक्रोसॉफ्टचा नियमित सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट मिळणे, संपले. बँकेचे व्यवहार ज्या मशीनवरून होतात, तिथून सुरुवात करा.

पार्टीच्या मेलवरून "आमचा खाते क्रमांक बदलला आहे" असे आले, तर पैसे पाठवण्याआधी तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरावर फोन करून विचारा. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच सर्वांत जास्त असते.

मोठे ईआरपी (खरेदी, उत्पादन, साठा, हिशेब सगळे एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर) घ्यावे का, असे अनेक जण विचारतात. सूत किती आले, मागावर किती गेले, टॉवेल किती उतरले, हे रोजच्या रोज लिहिले जात असेल तर जरूर घ्या. ती नोंद वहीतसुद्धा होत नसेल, तर आधी सहा महिने साध्या एक्सेलमध्ये करून बघा. तो तक्ता आम्ही बसवून देऊ.

पहिल्या तपासणीला आमचा माणूस येईल तेव्हा मालकांनी स्वतः थोडा वेळ बसावे, ही विनंती. जीएसटी, बँक, ईमेल आणि व्हॉट्सअॅप यांना कोणते नंबर जोडले आहेत, ते एका कागदावर लिहून ठेवा. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नका आणि आमच्या माणसालाही सांगू नका. तिथे बसून तुम्हीच टाका.