कॅलिफोर्नियातील शाळांचे अंदाजपत्रक आणि पालकांचा सहभाग: पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियातील प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टला दरवर्षी 1 जुलैपर्यंत आपले अंदाजपत्रक मंजूर करावे लागते. त्याच्या जोडीने शाळांची उद्दिष्टे व त्यांवरचा खर्च सांगणारा तीन वर्षांचा एक आराखडाही मंजूर करावा लागतो आणि तो तयार करताना पालक, विद्यार्थी, शिक्षक, मुख्याध्यापक, इतर कर्मचारी व त्यांच्या संघटना यांच्याशी विचारविनिमय करणे कायद्याने बंधनकारक आहे. (स्कूल डिस्ट्रिक्टचा महसुली जिल्ह्याशी संबंध नाही. ही शाळा चालवणारी स्वतंत्र स्थानिक संस्था असते, तिचे मंडळ बहुधा लोकनियुक्त असते आणि अशा संस्था या राज्यात नऊशेहून अधिक आहेत.) विचारविनिमयाची ही सक्ती 2013 साली आली. तिच्याकडे सहसा लोकसहभागाचा नवा प्रयोग म्हणून पाहिले जाते. पण त्याआधीच्या चार दशकांत स्थानिक लोकांच्या हातून काय निसटले होते हे पाहिल्याशिवाय तिचा अर्थ नीट उलगडत नाही.

1970 च्या दशकापर्यंत शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागत असे. कराचा दर स्थानिक पातळीवर ठरे आणि ठरावीक मर्यादेपलीकडे तो वाढवायचा असेल, तर मतदारांची संमती घ्यावी लागे. म्हणजे लोकांचा सहभाग मतपेटीतूनच होत असे. मात्र त्या मताचे मोल वस्तीगणिक बदलत होते. 1968 मध्ये दाखल झालेल्या ‘सेरानो विरुद्ध प्रीस्ट’ या खटल्यात लॉस एंजेलिस परगण्यातील दोन डिस्ट्रिक्टची जी तुलना न्यायालयापुढे आली, ती आजही डोळे उघडणारी आहे. बाल्डविन पार्कमध्ये करमूल्यांकनाच्या दर 100 डॉलरमागे 5.48 डॉलर शालेय कर होता, तर श्रीमंत बेव्हर्ली हिल्समध्ये 2.38 डॉलर. तरीही एका मुलामागचा वार्षिक खर्च बाल्डविन पार्कमध्ये 577 डॉलर आणि बेव्हर्ली हिल्समध्ये 1,231 डॉलर होता. दुपटीहून अधिक दराने कर भरूनही निम्म्याहून कमी पैसा मिळत होता. 1971 आणि 1976 च्या निकालांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरवली. दरम्यान 1972 च्या कायद्याने प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या दर विद्यार्थी उत्पन्नावर मर्यादा घातली होती.

दुसरा आघात मतदारांनी स्वतःच केला. जून 1978 मध्ये मंजूर झालेल्या ‘प्रपोझिशन 13’ या थेट मतदानाला ठेवलेल्या प्रस्तावाने मालमत्ता कराची कमाल मर्यादा 1 टक्का केली आणि मूल्यांकनातील वार्षिक वाढ 2 टक्क्यांवर रोखली. या कराचे उत्पन्न निम्म्याहून अधिक घटले, ती तूट राज्याने भरून काढली आणि तिजोरीबरोबर निर्णयाची सूत्रेही राज्याची राजधानी सॅक्रामेंटोकडे गेली. पुढे 1988 च्या ‘प्रपोझिशन 98’ ने शिक्षणासाठी राज्याच्या महसुलातील किमान वाटा निश्चित केला, पण तो कसा खर्च करायचा हे विधिमंडळ ठरवू लागले. एका योजनेला पैसा, दुसरीला अट, तिसरीला स्वतंत्र हिशेब अशी ‘कॅटेगॉरिकल’ अनुदानांची संख्या वाढत गेली.

याच काळात पालकांना एक दार उघडले गेले होते, हे विसरता येत नाही. राज्याचे शिक्षणप्रमुख विल्सन राइल्स यांच्या कारकिर्दीत शाळा पातळीवर ‘स्कूल साइट कौन्सिल’ रुजल्या. त्यांत निम्म्या जागा शाळेच्या कर्मचाऱ्यांना आणि निम्म्या पालकांना असत. माध्यमिक शाळांत पालकांच्या बाजूला विद्यार्थीही बसत. परंतु त्यांच्या अखत्यारीत विशेष अनुदानांचा छोटासा भागच येई. मुख्य अंदाजपत्रक त्यांच्यापर्यंत पोहोचतच नसे.

2008 नंतरच्या मंदीत अनुदाने कापताना सुमारे 40 योजनांच्या अटी शिथिल कराव्या लागल्या आणि जुनी घडी आपोआप विस्कटली. गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्या आधीच्या कारकिर्दीतही त्यांच्यासोबत असलेले स्टॅनफर्डचे प्राध्यापक मायकल कर्स्ट यांनी गरजेनुसार निधी देण्याची कल्पना सहकाऱ्यांसह 2008 मध्येच मांडली होती. 1 जुलै 2013 रोजी ब्राउन यांनी ‘लोकल कंट्रोल फंडिंग फॉर्म्युला’ या कायद्यावर सही केली. प्रत्येक विद्यार्थ्यामागे मूळ निधी ठरला. गरीब घरांतील, इंग्रजी शिकत असलेल्या किंवा पालनगृहाच्या व्यवस्थेत वाढणाऱ्या मुलांमागे 20 टक्के जादा मिळू लागले, आणि अशा मुलांचे प्रमाण 55 टक्क्यांवर असेल, तर त्यापुढच्या मुलांमागे आणखी 50 टक्के. हा दुसरा दर 2021 मध्ये 65 टक्के झाला.

अटी गेल्यावर पैसा योग्य मुलांपर्यंत पोहोचतो की नाही, हे पाहायचे कोणी? कायद्याने हे काम राज्याच्या हिशेबनिसांऐवजी स्थानिक लोकांवर टाकले. पालक सल्लागार समिती आवश्यक झाली. इंग्रजी शिकणारी मुले किमान 15 टक्के आणि संख्येने 50 असतील, तर त्यांच्या पालकांची वेगळी समितीही. आराखड्यावरील या समित्यांच्या अभिप्रायांना डिस्ट्रिक्टच्या अधीक्षकाने लेखी उत्तर द्यायचे, मंडळाने जनसुनावणी घ्यायची आणि त्याच बैठकीत मंजुरी न देता ती पुढच्या बैठकीत द्यायची. मात्र समितीला नकाराधिकार नाही. न्यूयॉर्क राज्यातील बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये मे महिन्यात अंदाजपत्रकावर थेट मतदान होते, तसे इथे काही नाही. शिवाय गव्हर्नरचे सुधारित आकडे मेच्या मध्यास येतात, त्यामुळे सुनावणीपर्यंत बदलाला फारसा वाव उरत नाही. बहुतांश खर्च पगार व भत्त्यांत बांधलेला असतो, तर शिक्षकांच्या निवृत्तिवेतनासाठी डिस्ट्रिक्टला द्यावा लागणारा वाटा 2013 नंतरच्या वर्षांत पगाराच्या 8.25 टक्क्यांवरून 19.1 टक्क्यांपर्यंत चढला.

आराखड्याच्या दस्तऐवजाने वेगळीच अडचण केली. काही ठिकाणी तो शेकडो पानांचा झाला, आणि सामान्य पालकाने त्यातून आपल्या मुलाच्या वाट्याचा पैसा शोधून काढणे अवघडच. म्हणून 2019-20 पासून पालकांसाठी खर्चाचा संक्षिप्त आढावा जोडणे सक्तीचे झाले. लॉस एंजेलिसमध्ये तर प्रकरण न्यायालयात गेले: विशेष शिक्षणावरचा आधीचाच खर्च जादा निधीच्या खात्यात दाखवल्याचा आक्षेप घेऊन ‘कम्युनिटी कोअलिशन’ या संस्थेने 2015 मध्ये दावा केला आणि 2017 च्या तडजोडीत डिस्ट्रिक्टने 50 शाळांसाठी 15 कोटींहून अधिक डॉलर देण्याचे मान्य केले. 2019 मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकाने आणखी एक पळवाट दाखवली. जादा निधी त्या वर्षी खर्च झाला नाही, तर पुढच्या वर्षी तो कोणत्याही कामाला वापरता येत होता. 2021 च्या कायद्याने अशी शिल्लक त्याच मुलांच्या सेवांसाठी पुढे ओढणे बंधनकारक केले.